खेळ आणि व्यायामाचं मानसशास्त्र विद्यापीठात शिकायचंय, तिथे नक्की काय शिकवतात?

शेवटची_लेन
नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी ७ वर्षं स्पर्धांमध्ये पोहले. माझा प्रकार २०० मीटर बटरफ्लाय. सरावात वेळ चांगली यायची, पण स्पर्धेत शेवटच्या ५० मीटरला काहीतरी बिनसायचं. दम शिल्लक असायचा, तरी हात माझे राहायचे नाहीत. वळण घेऊन बाहेर आलं की एकेक हात कसा मारायचा हे आठवायला लागायचं, आणि जितकं आठवावं तितकं ते बिघडायचं. खांदा दुखावल्यामुळे दोन वर्षांपूर्वी स्पर्धा सुटल्या. तो प्रश्न मात्र सुटला नाही.

आता पदवीला प्रवेश घ्यायचा आहे आणि दोन वाटा दिसतात. एक म्हणजे सरळ मानसशास्त्राची पदवी घ्यायची आणि पदव्युत्तरला खेळ व व्यायाम मानसशास्त्राकडे वळायचं. दुसरी, क्रीडाविज्ञानाची पदवी, ज्यात मानसशास्त्राचे काही पेपर असतात. कुणी यातून गेलं आहे का? वर्गात प्रत्यक्ष काय शिकवतात? संख्याशास्त्र किती असतं? स्वतः खेळलेलं असण्याचा उपयोग होतो की अडचण होते?

शिवाय घरी एक प्रश्न रोज येतो: ‘तू करू शकतेस’ हे खेळाडूला सांगायला पदवी कशाला लागते? हा प्रश्न मला वरवरचा वाटतो, पण त्याचं नीट उत्तर अजून देता आलेलं नाही.

रानवाटा
छान विषय. वाचतेय.

फिरकी
तुमच्या घरच्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. मी १८ वर्षं क्लब क्रिकेट खेळलो. आमच्यात जे खंबीर झाले ते मैदानात मार खाऊन झाले. पहिल्याच षटकात तीन चौकार बसले आणि तरी दुसरं षटक मागून घेतलं, त्यातून माणूस घडतो. वर्गात बसून हे येत नाही. अभ्यासाला माझा विरोध नाही, पण आधी खेळ आणि मग पुस्तक, हा क्रम उलटा करू नये असं मला मनापासून वाटतं.

अभ्यासिका
शेवटची_लेन, मी गेल्याच वर्षी या विषयात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलं, तेव्हा सविस्तर लिहिते.

पहिल्या आठवड्यात आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचा हिरमोड झाला होता. सगळ्यांना वाटत होतं की खेळाडूंना धीर कसा द्यायचा ते शिकवतील. पहिलं व्याख्यान झालं ते मोजमापावर. ‘आत्मविश्वास’ म्हणजे तुम्ही नेमकं काय मोजणार? एखादी मुलगी म्हणते ‘मला भीती वाटते’, तेव्हा ती छातीतल्या धडधडीबद्दल बोलते आहे की डोक्यातल्या ‘हरले तर काय’ या विचाराबद्दल? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या मोजतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे. धडधडीसाठी श्वासाचे आणि स्नायू सैल सोडण्याचे सराव असतात. विचारांसाठी स्वतःशी काय बोलतो ते पकडून बदलण्याचं काम असतं. सगळ्यांना एकच औषध दिलं तर उपयोग होत नाही.

विषय म्हणाल तर प्रेरणा, चिंता, एकाग्रता, मनःचित्रण (म्हणजे हालचाल मनात जशीच्या तशी उभी करण्याचा सराव), संघातले संबंध, दुखापतीनंतरचं मन, निवृत्ती. बरोबर हालचाल शिकण्याचं शास्त्र, थोडं शरीरक्रियाशास्त्र, समुपदेशनाची कौशल्यं आणि नीतिनियम. आणि या सगळ्याच्या बुडाशी संशोधन पद्धती. तो पेपर प्रत्येक सत्रात होता.

इतिहासही रंजक आहे. १८९८ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिपलेट यांनी सायकल शर्यतींच्या नोंदी पाहिल्या. एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल चालवणाऱ्यापेक्षा सोबत कुणी असलेला स्वार वेगवान होता. मग त्यांनी मुलांना मासेमारीच्या गळाची रीळ गुंडाळायला दिली, एकदा एकट्याने आणि एकदा दुसऱ्या मुलाशेजारी. खेळाच्या मानसशास्त्राची गोष्ट बहुतेक पाठ्यपुस्तकं इथून सुरू करतात. पुढे १९२५ मध्ये कोलमन ग्रिफिथ यांनी इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढली. १९३२ मध्ये ती पैशाअभावी बंद पडली. १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने त्यांना बोलावलं, पण संघाच्या व्यवस्थापकाशी त्यांचं जमलं नाही. ‘हा मैदानाबाहेरचा माणूस आम्हाला काय शिकवणार’ ही तक्रार तेव्हाही होती. फिरकी, तुमचा मुद्दा त्यामुळे जुना आणि महत्त्वाचा आहे, मी तो झटकत नाही. पण मला विचारायचंय ते वेगळं आहे: दुसरं षटक मागून घेणारे खंबीर झाले हे आपल्याला दिसतं, पण ज्यांनी मागितलं नाही आणि खेळ सोडला ते कुठे गेले?

फिरकी
शेवटच्या वाक्यावर थांबलो. तसे दोघे-तिघे मला लगेच आठवले. एक तर माझ्यापेक्षा चांगला गोलंदाज होता.

बेरीज_वजाबाकी
मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे. आकडे भरपूर असतात आणि ते असलेच पाहिजेत. कारण सांगतो.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी सांगितलेला एक अनुभव प्रसिद्ध आहे. इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांना ते सांगत होते की कौतुकाने शिकणं सुधारतं. एक अनुभवी प्रशिक्षक उठला आणि म्हणाला, माझा अनुभव उलटा आहे. उत्तम कसरतीचं कौतुक केलं की पुढची वाईट होते, आणि वाईट कसरतीवर ओरडलो की पुढची सुधारते. त्याचं निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष चुकीचा होता. अपवादात्मक चांगल्या प्रयत्नानंतरचा प्रयत्न बहुधा सरासरीच्या जवळ येतो, म्हणजे आधीपेक्षा वाईट दिसतो. अपवादात्मक वाईटानंतरचा आपोआप बरा दिसतो. तुम्ही ओरडा, कौतुक करा, नाहीतर गप्प बसा. आता विचार करा, जगभरातले किती कोच या आकड्यांच्या खेळामुळे ‘ओरडल्याशिवाय पोरं सुधारत नाहीत’ असं प्रामाणिकपणे मानत असतील! हे समजायला संख्याशास्त्र लागतं, आणि हे एकदा समजलं की कुठलंही मैदान पूर्वीसारखं दिसत नाही.

अभ्यासिकाताईंनी ट्रिपलेट यांचा उल्लेख केला. त्यांचे आकडे पुढे आजच्या पद्धतीने पुन्हा तपासले गेले, तेव्हा रीळ गुंडाळण्यातला परिणाम फारच पुसट निघाला. विषयाची पायाभरणी मानला जाणारा प्रयोगसुद्धा विद्यार्थ्याने तपासून पाहावा, ही शिस्त मला या क्षेत्रात आवडते.

गोलपोस्ट
आकड्यांचा विषय निघालाय तर माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. मी फुटबॉलमध्ये गोलरक्षक होतो. पेनल्टीच्या वेळी गोलरक्षक डावीकडे किंवा उजवीकडे झेप घेतो. २००७ च्या एका इस्रायली अभ्यासात २८६ पेनल्टी तपासल्या. गोलरक्षक मध्येच उभे राहिले ते फक्त ६.३ टक्के वेळा. आणि मध्ये उभं राहिल्यावर चेंडू अडवण्याचं प्रमाण झेप घेतल्यापेक्षा जास्त होतं, जवळपास एक तृतीयांश! तरी कुणी उभं राहत नाही, कारण उभं राहून गोल खाल्ला तर ‘हा हललासुद्धा नाही’ असं ऐकावं लागतं. उडी मारून खाल्ला तर निदान प्रयत्न तरी दिसतो.

हे वाचल्यावर मी एका सामन्यात मध्ये उभा राहिलो. चेंडू थेट छातीवर आला.

सायकलवाली
गोलपोस्ट, आणि समोरच्या संघानेही तोच अभ्यास वाचला असता तर? :)

बेरीज_वजाबाकी
हाच खरा प्रश्न आहे, सायकलवाली. सगळे गोलरक्षक मध्ये उभे राहू लागले की मारणारे कोपरे शोधणार. ६.३ टक्के म्हणजे १८ वेळा, एवढ्या लहान नमुन्यावर नियम उभारू नये. पण ‘काहीतरी केल्याचं समाधान’ निर्णयावर कसं स्वार होतं, हे दाखवायला उदाहरण उत्तम.

नाडीचे_ठोके
सगळे खेळावर बोलत आहेत. विषयाच्या नावात ‘व्यायाम’ही आहे आणि तो नेहमी मागे पडतो, म्हणून लिहिते. मी भौतिकोपचार करते, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांच्या पुनर्वसनात. आधी शिकले शरीराबद्दल. दहा वर्षांनी नोकरी सांभाळून व्यायामाचं मानसशास्त्र शिकले, कारण माझ्याकडचे रुग्ण व्यायाम सोडून देत होते.

या क्षेत्रात वर्षानुवर्षं सांगितला जाणारा ठोकताळा असा, की व्यायामाचा कार्यक्रम सुरू करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे पहिल्या सहा महिन्यांत गळतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. माझ्या रुग्णांना हा आकडा तोंडपाठ असायचा. माहिती कमी पडत नव्हती, तरी चालायला जाणं व्हायचं नाही. मी त्यांना आळशी समजत होते. त्याची आजही खंत वाटते.

शिकल्यावर दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे तीव्रता. व्यायाम श्वासाच्या एका उंबरठ्यापलीकडे गेला की बहुतेकांना तो करताना वाईट वाटायला लागतं. व्यायाम करताना कसं वाटलं, याचा पुढच्या वेळी येण्याशी संबंध असतो. मी सगळ्यांना सुरुवातीलाच जास्त ओढत होते. आता मी बोर्ग यांची श्रमाची मोजपट्टी वापरते. ती ६ ते २० अशी विचित्र आहे, कारण आकड्याला दहाने गुणलं की निरोगी तरुणाच्या नाडीच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज यावा अशी ती बेतली होती. रुग्ण स्वतः सांगतो ‘आत्ता १२’, आणि वेग तोच ठरवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचा स्वयंनिर्धारणाचा सिद्धांत. माणसाला तीन गोष्टी लागतात: निवड आपली आहे ही भावना, जमतंय ही भावना आणि कुणाशी तरी जोडलेपण. माझ्याकडे एक आजोबा होते. ट्रेडमिलवर कधी टिकले नाहीत. त्यांना विचारलं, तुम्हाला काय आवडेल? म्हणाले, नातवाला शाळेत सोडायला चालत जायचंय, पण मुलगा नको म्हणतो, वाटेत काही झालं तर. मग आम्ही तेवढंच अंतर आधी दवाखान्याच्या आवारात चाललो, मुलाला बरोबर घेऊन. ते आजोबा पुढे कधीच गळाले नाहीत.

तेव्हा शेवटची_लेन, ‘तू करू शकतेस हे सांगायला पदवी कशाला’ याचं माझं उत्तर असं: मी ते वाक्य दहा वर्षं रोज म्हणत होते आणि निम्मी माणसं निघून जात होती.

रानवाटा
नाडीचे_ठोके, आजोबांचा किस्सा दोनदा वाचला. माझ्या बाबांच्या बाबतीत हेच चाललंय आणि तो मुलगा म्हणजे आमच्या घरी मी आहे. विपूत (विचारपूस पानावर) लिहू का तुम्हाला?

नाडीचे_ठोके
जरूर लिहा. मात्र त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच सुरुवात करायची हं.

दूरदेशी
वाट कुठली निवडायची यावर थोडं. मी ब्रिटनमधून हे शिक्षण घेतलं. तिथे ‘स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजिस्ट’ ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय ती नावापुढे लावता येत नाही. त्यासाठी ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेली मानसशास्त्राची पदवी (किंवा ती भरून काढणारा रूपांतर अभ्यासक्रम), मग मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षण, मग देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम किंवा व्यावसायिक डॉक्टरेट. अमेरिकेत रचना वेगळी. ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला राज्याचा परवाना लागतो. तो नसलेले बरेच जण उपयोजित क्रीडा मानसशास्त्राच्या संघटनेचं सीएमपीसी प्रमाणपत्र घेऊन मानसिक कामगिरीचे सल्लागार म्हणून काम करतात. त्याला पदव्युत्तर पदवी, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ४०० तासांचं काम आणि परीक्षा असते.

म्हणून आधी ठरव, तुला पुढे नेमकं काय व्हायचंय. संशोधक, कोच, आरोग्यक्षेत्रात काम करणारी, की खेळाडूसमोर बसणारी मानसशास्त्रज्ञ? शेवटचं असेल तर मूळ पदवी मानसशास्त्राची असलेली बरी. माझ्याबरोबरच्या दोन हुशार मुलांची पदवी क्रीडाविज्ञानाची होती. दोघांनाही रूपांतर अभ्यासक्रमासाठी एक जादा वर्ष द्यावं लागलं. प्रवेश घेण्याआधी जिथे काम करायचंय तिथल्या नियामकाचे चालू नियम स्वतः वाच. अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकावर विसंबू नकोस.

अभ्यासिका
दूरदेशींशी सहमत, पण एक भर. क्रीडाविज्ञानाची पदवी घेतलेली मुलं वर्गात एका बाबतीत आमच्या पुढे असायची. दमलेलं शरीर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असायचं. खेळाडू ‘लक्ष लागत नाही’ म्हणते आणि आम्ही लगेच मनात शिरायचो. ते आधी विचारायचे, झोप किती झाली, नीट खाल्लंस का, सराव अचानक वाढवलाय का? अतिसरावाने मनःस्थिती ढासळते हे मी पुस्तकात वाचलं, त्यांनी ते धाप लागलेल्या माणसांत पाहिलेलं होतं. तेव्हा मानसशास्त्र घेतलंस तरी शरीरक्रियाशास्त्राचा एखादा ऐच्छिक पेपर सोडू नकोस.

फिरकी
एक शंका, मनापासून विचारतो. हे सल्लागार संघाचा पगार घेतात. मग खेळाडूने त्यांना सांगितलेलं कोचपर्यंत जात नाही कशावरून? आमच्या वेळी संघात कुणी असं असतं, तर मी त्याच्याशी हवामानापलीकडे काही बोललो नसतो.

दूरदेशी
फिरकी, नीतिनियमांच्या तासाला सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नावर जातो. पैसे संघ देतो, पण समोर बसलेली व्यक्ती खेळाडू आहे. मग ग्राहक कोण? पहिल्या भेटीतच हे स्पष्ट करायचं असतं, खेळाडूशी आणि कोचशीही: काय गुप्त राहील, काय सांगावं लागेल (जिवाला धोका असेल तेव्हा), आणि निवडीच्या चर्चेत मी बसणार नाही.

शिकाऊ असताना माझ्यावर ही वेळ आली. एका तरुण खेळाडूने मला सांगितलं की तिला खेळ सोडावासा वाटतोय. दुसऱ्या दिवशी कोचनी मला गाठलं: काय म्हणते ती, पुढच्या महिन्यात चालेल ना? मी म्हटलं, ते तुम्ही तिलाच विचारा, आणि विचारताना निवडीचा विषय बाजूला ठेवा. ते चिडले. मी संध्याकाळी माझ्या पर्यवेक्षकांना सगळं सांगितलं. देखरेखीखालचं काम असतं ते यासाठीच. तीन आठवड्यांनी ती दोघं आपणहून बोलली. ती खेळत राहिली की नाही, हे मी इथे लिहिणार नाही.

सायकलवाली
दूरदेशी, शेवटच्या वाक्यासाठी मान आहे.

अवांतर: टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१ ला झालं ते) जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली, तेव्हा किती लोकांनी तिला कच खाल्ली म्हणून हिणवलं होतं. तिला हवेत असताना आपलं शरीर कुठे आहे हेच कळेनासं झालं होतं. अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, दीडच झाल्या. त्या उंचीवरून तसं उतरणं म्हणजे मानेशी खेळ. मला ते त्या स्पर्धेतलं सर्वांत समंजस कृत्य वाटतं. २०२४ ला पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णपदकं घेतली. ती नसती घेतली तरी माझं मत हेच राहिलं असतं.

शेवटची_लेन
बाप रे, इतके प्रतिसाद! सगळे दोनदा वाचले. घरीही मोठ्याने वाचून दाखवले. नाडीचे_ठोके यांचं शेवटचं वाक्य ऐकून आई बराच वेळ काही बोलली नाही.

सायकलवाली, बाइल्सबद्दल वाचताना माझं ते वळण आठवलं. माझं संकट त्याच्या तुलनेत किरकोळ, मला इजेचा धोका नव्हता. पण ‘आपोआप होणारी गोष्ट अचानक होईनाशी होणं’ म्हणजे काय ते मला माहीत आहे. त्याला काही नाव आहे का?

अभ्यासिका
आहे. बाइल्सचं आणि तुझं सारखंच म्हणता येणार नाही, पण तुझ्या वर्णनाशी जुळणारं संशोधन भरपूर आहे. कौशल्य पक्कं झालं की ते जाणिवेच्या खाली चालतं. दडपणाखाली माणूस ते पुन्हा हातात घेऊन पायरीपायरीने चालवू पाहतो, आणि चालत्या यंत्रात बोट घातल्यासारखं होतं. रिच मास्टर्स यांनी १९९२ मध्ये गोल्फच्या पटिंगवर (चेंडू हलक्या फटक्याने खळग्यात घालणं) प्रयोग केला. काहींना बारीकसारीक सूचना देऊन शिकवलं. काहींना सूचना न देता, शिकताना दुसऱ्याच कामात मन गुंतवून सराव करू दिला. दडपण आणल्यावर सूचनांवर शिकलेले अडखळले, दुसऱ्या गटाचं तसं झालं नाही. ज्याला नियम शब्दांत येत नाहीत, त्याच्याकडे ऐन वेळी चाळवायला नियमच नसतात.

म्हणून काही जण शर्यतीत मनाला अख्ख्या हालचालीचा एकच शब्द धरायला देतात. ‘खांदा वर, कोपर आत, मनगट सैल’ असं नको, नुसतं ‘लाट’. सगळ्यांना लागू पडतं असं नाही.

शेवटची_लेन
माझ्या वहीत शेवटच्या ५० मीटरसाठी ११ सूचना लिहिलेल्या होत्या. शर्यतीच्या आदल्या रात्री मी त्या पाठ करायचे.

दुसरा_डाव
धागा उशिरा पाहिला. मी लहान मुलांना शिकवतो, खेळ सांगत नाही, कुठलाही असला तरी गोष्ट तीच. बेरीज_वजाबाकींनी लिहिलेला तो ‘ओरडलं की सुधारतात’ वाला कोच मी होतो, बरीच वर्षं आणि अगदी प्रामाणिकपणे.

वॉशिंग्टन विद्यापीठात रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी मुलांच्या बेसबॉल कोचचं वागणं १२ प्रकारांत नोंदवलं. कौतुक, चुकीनंतर धीर, चुकीनंतर सूचना, रागावणं, चुकीकडे दुर्लक्ष वगैरे. मग कोचना विचारलं, तुम्ही कसे वागता? रागावणं सोडलं तर त्यांना स्वतःचा फारसा अंदाज नव्हता. मुलांना त्यांच्यापेक्षा बरा होता. पुढे त्यांनी काही कोचना छोटं प्रशिक्षण दिलं. त्यांच्या मुलांपैकी पुढच्या मोसमात ५ टक्क्यांनी खेळ सोडला, प्रशिक्षण न घेतलेल्या कोचच्या मुलांपैकी २६ टक्क्यांनी. सामने जिंकण्या-हरण्यात मात्र फरक नव्हता.

फिरकीसाहेब, तुम्हाला आठवलेले ते दोघे-तिघे या २६ मधले.

शेवटची_लेन, तुला एक गृहपाठ देतो. पदवी कुठली घ्यायची ते ठरवण्याआधी एक तास एखाद्या सरावाला जाऊन बस. कोच जे जे बोलेल त्याची रेघ मार: कौतुक, सूचना, रागावणं. मत लिहायचं नाही, फक्त जे घडलं ते. कंटाळा आला तर कळेल की हा विषय तुझा नाही, कारण यात बरंचसं काम हेच आहे. आणि उठावंसं वाटलं नाही तर प्रवेश घे.

फिरकी
माझं मूळ मत थोडं राखून ठेवतो, मैदानाशिवाय हे शिक्षण अपुरं आहे. पण दुसरा_डाव यांचा गृहपाठ मैदानातलाच आहे, त्यामुळे भांडायला जागा उरली नाही. मीही येत्या रविवारी वही घेऊन जाणार आहे. आणि ज्या गोलंदाजाबद्दल वर लिहिलं, त्याला काल फोन केला. तासभर बोललो. त्याने खेळ का सोडला, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

गोलपोस्ट
फिरकी, +१००.

शेवटची_लेन
जाऊन आले.

माझ्या जुन्या तलावावर नाही गेले, दुसरीकडे, जिथे मला कुणी ओळखत नाही. परवानगी घेऊन कडेला बसले. सहा लेन, २३ मुलं, एक कोच. तासाभरात रेघा अशा: सूचना ६१, कौतुक १९, रागावणं ७. कोच चांगल्या होत्या, आवाज चढवला तोही पळापळ करणाऱ्या मुलांवर. मी मनात म्हटलं, वा, इथे सगळं ठीक आहे.

मग काय वाटलं कुणास ठाऊक, रेघा लेनप्रमाणे वेगळ्या करून पाहिल्या. प्रत्येक रेघेपुढे मी लेनचा आकडा लिहिला होता, जुनी सवय. पहिल्या दोन लेनमध्ये ५४. सहाव्या लेनमध्ये ३, त्यातल्या दोन ‘चला, बाहेर या’. तिथे निळ्या टोपीची एक मुलगी होती. प्रत्येक फेरी संपली की ती भिंतीला धरून कोचकडे बघायची, मग चष्मा नीट करायची आणि निघायची. हे मी १४ वेळा लिहिलंय.

तास संपला तरी मी उठले नव्हते. तिथल्या काकांनी दिवे बंद करू का म्हणून विचारलं.

मानसशास्त्राच्या पदवीचा अर्ज काल भरला, शरीरक्रियाशास्त्र ऐच्छिक घेऊन. दुसरा_डाव सर, एक विचारायचं होतं. त्या कोचना या रेघा दाखवाव्यात का? त्यांनी मला फक्त बसायची परवानगी दिली होती.

दुसरा_डाव
आधी त्यांनाच विचार, बघायच्या आहेत का. हो म्हणाल्या तर वही त्यांच्या हातात दे आणि तू काही बोलू नकोस. सहावी लेन त्यांची त्यांना सापडू दे.

दूरदेशी
आणि निळी टोपी हा उल्लेख त्या वहीतून आधी काढ. कोण ते त्यांना लगेच कळेल, आणि त्या मुलीने तुला काही सांगितलेलं नाही.

शेवटची_लेन
काढला. उद्या सकाळी साडेपाचला जातेय.